पाच हजार चाळीस सालांचा पोळा

सिंदी रेल्वेकडून बोरखुटीत शिरलं की पहिलं लागतं बबनराव झाड्याचं किराणा दुकान, आणि दुकानाची पायरी चढली की पहिला लागतो बबनरावचा आकडा. गिऱ्हाईक पाव किलो रवा मागायला आलेलं असतं. बबनराव रवा तोलतो, पुडा बांधतो आणि पुडा हातात द्यायच्या आधी, म्हणजे गिऱ्हाइकाला पळता येणार नाही अशा नेमक्या वेळी, विचारतो, "पाच हजार चाळीसले सातनं भाग जाते का, सांग बरं?"

"जात असन बा."

"जाते! आठनं?"

"जात असन."

"जाते! नऊनं? दहानं? अबे, एकापासून दहापर्यंत कोनालेच नाई म्हनत नाई हा आकडा. बारानं जाते, चौदानं जाते, पंधरानं जाते, सोळानं जाते. साठ भाजक हायेत त्याले, साठ! याच्याहून लहान एक आकडा दाखव मले साठ भाजकवाला."

गिऱ्हाईक रवा घेऊन जातं. आतल्या खोलीतून तांदूळ निवडता निवडता बबनरावची बायको कांता बोलते, "साठ जागी फाटलेल्या धोतराचं एवढं कवतिक कोनी करत नाई."

बबनराव आता पन्नाशीच्या पुढे आहे. अंगानं सडसडीत, मिशी एका बाजूनं जरा जास्त, कारण आरशात पाहताना त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. अकरावीत असताना सरांनी फळ्यावर एक गुणिले दोन, गुणिले तीन, असं करत सातापर्यंत नेलं आणि उत्तर लिहिलं, पाच हजार चाळीस. सर पुढे गेले, वर्ग पुढे गेला, बबनराव तिथंच राहिला. बाकावर बसून त्यानं सात गुणिले आठ गुणिले नऊ गुणिले दहा करून पाहिलं. तेही पाच हजार चाळीसच. एका घराला दोन दारं निघावीत आणि दोन्हीतून आपलीच माय बाहेर यावी, तसं त्याला झालं. त्या वयात वर्गातली बाकीची पोरंही कोणाकोणाच्या प्रेमात पडलीच; पुढे त्यांची लग्नं झाली, भांडणं झाली. बबनरावचं तसं काही बिघडलं नाही.

पुढे वर्धेला कॉलेजात गेला. गणितात सगळ्यांच्या वर आणि बाकी सगळ्यात सगळ्यांच्या खाली, असा निकाल घेऊन परत आला. बापानं तराजूपुढं बसवलं. तेव्हापासून तिथंच आहे.

त्याच्या आकड्याला एकच खोट. अकरानं भागलं तर दोन उरतात. हे तो लपवत नाही, पण सोयरीक जमवताना पोराच्या दारूबद्दल सांगावं तशा आवाजात सांगतो. स्कूटर घेतली तेव्हा आरटीओत जास्तीची फी भरून त्यानं पाच शून्य चार शून्य हा नंबर मागून घेतला. समोरच्या कापूस दलालानं, मोतीलालनं, नंबरप्लेट पाहिली आणि म्हणाला, "वा बबनराव, बेरीज नऊ येते. मंगळाचं पाहून घेतलं वाटते?" त्या दिवशी बबनराव जेवला नाही. एवढा शंभर नंबरी आकडा, आणि लोक त्याची बेरीज करतात!

आता बोरखुटीचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा पोळा भरतो, तो लेकरांचा. पण आमच्याकडे लेकरांच्या सणात मोठ्यांनी घुसायची जुनी सवय. सिंदीचे मोठाले नंदी पाहून आल्यावर गावातल्या सात घरांनी सागवानाचे पुरुषभर उंचीचे नंदी करून घेतले, खाली चाकं लावली, शिंगांना पितळ बसवलं. मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सात नंदी एकामागं एक उभे राहतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज कवनं, म्हणत तोरणाखालून जातात. लेकरं आपापले वीतभर बैल काखेत धरून मागं उभी असतात आणि मोठे केव्हा खेळून मोकळे होतात याची वाट पाहतात.

भांडण एकच. पहिला कोण? जो तोरणाखालून पहिला जाईल, त्याच्या घरचा मान. कोरोनात दोन साल पोळा भरला नाही, म्हणून भांडणही साचून राहिलं होतं. तिसऱ्या साली मोतीलालचा नंदी आणि बबनरावचा नंदी दोन्ही बाजूंनी एकदम तोरणाखाली घुसले, चाकात चाक अडकलं, आणि अर्धा तास शंकराची दोन वाहनं एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली. शेवटी मोतीलालच्या नंदीचं एक शिंग मोडलं तेव्हा सुटका झाली. पंचमंडळी म्हणाली, आता क्रम ठरवल्याशिवाय पोळा नाही.

बैठक भरली बबनरावच्या दुकानापुढंच. पोळा कमिटीचा अध्यक्ष हेमराज, त्याचाही एक नंदी होता. नंदीवाल्यांतलेच प्रभाकरराव म्हणाले, "सोपं हाये. पाळीपाळीनं करू. यंदाचा पह्यला पुढच्या साली शेवटी जाईन, बाकीचे एक एक घर पुढं सरकतीन. सात सालांत सगळ्याइचा नंबर लागते."

सगळ्यांनी माना हलवल्या. बोरखुटीचं भांडण तिथंच मिटायचं. पण बबनराव काऊंटरमागून म्हणाला, "थांबा जी. सरकन्यानं शेजार बदलत नाई. अण्णाजीच्या मागं प्रभाकरराव असन, तं दर साली मागंच. सातांतून सहा साल तुमच्या नंदीच्या नाकासमोर अण्णाजीच्या नंदीचं बूड."

प्रभाकरराव आणि अण्णाजी यांच्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका बाभळीवरून वितुष्ट होतं. बाभूळ वाळून गेली होती, वितुष्ट हिरवं होतं.

"हे नाई जमाचं," प्रभाकरराव म्हणाले.

"मले का मागून कोनी पाहावं असं वाटते?" अण्णाजी म्हणाले.

"मंग?" हेमराजनं विचारलं.

ज्या प्रश्नासाठी माणूस जन्माला येतो तो प्रश्न त्याला बहुतेक करून कोणी विचारत नाही. बबनरावला विचारला. त्यानं काऊंटरवर सात पुडे मांडले. हळद, मीठ, साबण, अगरबत्ती, चहापत्ती, माचिस आणि बिस्किट.

"सात नंदी. सात जन किती तऱ्हेनं रांगेत उभे राहू शकते? पह्यल्या जागी सातांतून कोनीबी. दुसऱ्या जागी उरलेल्या सहांतून. मंग पाच, मंग चार, तीन, दोन, एक. गुना याइचा. किती?"

आतून कांतानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"पाच हजार चाळीस!" बबनराव म्हणाला. "दर साली नवा क्रम. पह्यला क्रम चिठ्ठीनं काढू. मंग शिस्तीनं जाऊ, शेपटीकडून बदलवत बदलवत, मंजे एकही क्रम सुटत नाई अन् एकही दोनदा येत नाई. पूर्न न्याय! सातही घराले पह्यला नंबर बरोब्बर सातशे वीस डाव भेटते. एक जास्त नाई, एक कमी नाई."

सातशे वीस वेळा पहिला नंबर म्हटल्यावर कोणाचीही छाती फुगते. कधीपासून, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ठराव पास झाला, टाळ्या पडल्या, देवळातल्या महाराजांनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी बबनरावची. दुसरी मोतीलालची. पाचवी अण्णाजीची, सहावी प्रभाकररावांची. सातवी देवकाबाईची.

देवकाबाई सत्तरीची. चार म्हशी, आणि गावातल्या कोणत्या घरात दुधात किती पाणी खपतं याचा तोंडपाठ अंदाज. तिच्या घरचा नंदी सातांत शेवटी तयार झाला, म्हणून पहिल्यापासून रांगेत शेवटी. रेल्वे जवळ असल्यामुळे गावानं त्याला नाव ठेवलं होतं, गार्डाचा डबा. मोतीलाल तर दूध घेतानाही म्हणायचा, "आला का गार्ड?" चिठ्ठी निघाल्यावरही तो तसंच बोलला आणि लोक हसले.

देवकाबाई म्हणाली, "हासा. मले मराच्या आधी एक डाव तोरनाखालून पह्यलं जाचं हाये. मंग डबा म्हना का मालगाडी म्हना."

"काकू, तुमचे सातशे वीस डाव पक्के," बबनराव म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

पहिल्या साली चिठ्ठीच्या क्रमानं नंदी गेले. दुसऱ्या साली शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली. देवकाबाई प्रभाकररावांच्या पुढं आली, आणि प्रभाकररावांना अण्णाजींचं बूड दिसेना झालं म्हणून तेही खूश. तिसऱ्या साली, म्हणजे यंदा, प्रभाकरराव अण्णाजींच्या पुढं जाणार होते. देवकाबाई पुन्हा शेवटी.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ती दूध घालून दुकानात आली आणि पायरीवर बसली.

"बबन, एक इचारू का?"

"इचारा ना काकू."

"माहा नंबर कवा?"

बबनरावचे डोळे चमकले. असं आपण होऊन विचारायला त्याच्याकडे कोणीच येत नाही. त्यानं पटापट सात पुडे काऊंटरवर लावले. हळद पुढं, बिस्किट मागं.

"हे पाहा काकू. हळद मंजे मी, हे बिस्किट मंजे तुमी. आता शेपटीकडून बदलवत जाचं. सहा साल असे गेले की चवथा हलते. चोवीस साल गेले की तिसरा हलते. एकशेवीस साल गेले की दुसरा हलते. अन् सातशे वीस साल झाले की पह्यला हलते, मंजे मी मागं येतो, मोतीलाल पुढं. मंग त्याचे सातशे वीस. असे सहा घरं. सहा गुनिले सातशे वीस, चार हजार तीनशे वीस. त्याच्यावर एक." तो थांबला. स्वतःच चकित झाला. "काकू! चार हजार तीनशे एकवीस! चार, तीन, दोन, एक! पाहा कसा पायरीपायरीनं उतरते तुमचा नंबर! माह्या कवा ध्यानातच नाई आलं!"

देवकाबाई पायरीपायरीनं उतरणाऱ्या नंबराकडे पाहत राहिली.

"मंजे चार हजार तीनशे साल मी जगाचं?"

"तुमी नाई तं तुमचं घर तं राहीन ना."

"अन् तवपर्यंत पुढं कोन?"

"पह्यले सातशे वीस साल मी," बबनराव म्हणाला. हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून त्याचा हात हळदीच्या पुड्यावरच थांबला. त्याला खरोखरच हे आजवर दिसलं नव्हतं. त्यानं सगळा हिशेब पाहिला होता, तो पाच हजार चाळीस सालांच्या पलीकडे उभं राहून. तिथून सगळे सारखे दिसतात.

देवकाबाईनं बिस्किटाचा पुडा उचलला, फाडला, आणि एक बिस्किट तोंडात टाकलं.

"आता किती राह्यले?"

"काय?"

"पुडे मोज. किती राह्यले?"

"सहा."

"मंग सहाचे किती क्रम होते?"

बबनरावचा चेहरा उतरला. "सातशे वीस."

"हं. माहा नंदी येत नाई यंदा. तुह्या पाच हजाराचे सातशे वीस कर अन् चाटत बस." ती दुसरं बिस्किट घेऊन उठली.

"काकू, असं नका करू! सात पाह्यजेच! सातशे विसात काय दम हाये? तीसच भाजक हायेत त्याले! सातनं भाग जात नाई!" बबनराव पायरी उतरून तिच्या मागं गेला. "काकू, सातनं भाग जात नाई!"

बाई रस्त्यानं जात होती आणि एक मोठा माणूस मागून हात जोडून भागाकाराची भीक मागत होता. गावानं हे दृश्य पाहिलं. संध्याकाळपर्यंत कारणही कळलं, आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत कमिटी पुन्हा दुकानापुढं जमली.

सगळ्यात जोरात मोतीलाल. "मी तं पह्यलेच म्हनत होतो, हा मानूस दिसते तसा नाई. सातशे वीस सालाचा पट्टा लिहून घेतला बेट्यानं! आपन टाळ्या वाजवल्या! अन् हेमराज, तुले कळते का, एकशेवीस साल मी याच्याच मागं. मंजे एकशेवीस साल मी याच्या नंदीचं बूड पाहाचं?"

"तुमचा नंबर सातशे एकविसाव्या साली हाये," बबनराव प्रामाणिकपणे म्हणाला. "दुसऱ्याच नंबरले हाये तुमी. देवकाकाकूपेक्षा लय चांगलं."

"अबे, चूप!"

"मी फसवलं नाई. हिशोब बरोबर हाये. कोनीबी तपासा."

"हिशोब बरोबर हाये हेच तं दुखनं हाये!" हेमराज ओरडला. "चुकला असता तं दुरुस्त केला असता."

आतून बोलणी ऐकणारी कांता दारात आली. "मी सांगतो तुमाले. यानं फसवलं असतं तं मले बरं वाटलं असतं. घरात एक तं हुशार मानूस हाये असं वाटलं असतं. त्याले खरंच दिसलं नाई. याले जेवताना भाजीत मीठ नाई हे दिसत नाई, सातशे वीस साल का दिसते?"

यावर सगळे जरा नरमले, पण तोडगा निघेना. पाळीपाळीचं पुन्हा निघालं, तेव्हा प्रभाकरराव आणि अण्णाजी दोघंही एकदम "नाई!" म्हणाले, बाभळीनंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. पहिला कोण ते पुन्हा चिठ्ठीनं काढावं म्हटलं तर मोतीलालला दुसरा नंबर सोडायचा नव्हता, कारण सातशे एकविसावं साल का होईना, ते त्याचं होतं. बबनराव म्हणाला, "माहा पह्यला नंबर काकूले देऊन टाकतो." त्यावर चौघं उठून उभे राहिले. "तुहा नंबर तू कोन देनारा? मंग आमाले काऊन नाई?" शेवटी हेमराज कंटाळून म्हणाला, यंदा ठरलं तेच राहील, देवकाबाई आली तर आली, नाही तर सहा. आणि एक ठराव आणखी झाला. रांग बबनरावच्या शिस्तीतली असेल तरच पोळा, शिस्तीबाहेर कोणी घुसला तर त्याच्या नंदीला कायमची बंदी.

बबनराव त्या रात्री झोपला की नाही ते कांतालाच ठाऊक. पण सकाळी त्यानं गिऱ्हाइकाला रवा दिला आणि काहीच विचारलं नाही. गिऱ्हाईक थोडा वेळ उभंच राहिलं.

तान्हा पोळ्याच्या दिवशी देवकाबाई आली. आपला नंदी ढकलत आणला, मुकाट्यानं शेवटी उभा केला. लुगडं नवं, कपाळावर कुंकवाऐवजी अबीर, आणि तोंडावर काहीही नाही. मोतीलाल हसला. "आला का गार्ड?" बबनरावला मात्र सात नंदी मोजून इतका आनंद झाला की तो तिच्या पाया पडून आला.

रांग देवळाकडे तोंड करून लागली. सगळ्यात पुढं बबनरावचा नंदी. मग मोतीलालचा, एक शिंग नवं बसवलेला. मग मधले दोन, त्यातला एक हेमराजचा. मग प्रभाकरराव, मग अण्णाजी, मग देवकाबाई. डफडं वाजायला लागलं. हेमराजनं माईक घेतला, "हर हर महादेव" म्हणाला, आणि वर पाहिलं.

तोरण नव्हतं.

दोरी बांधायच्या खुंट्या होत्या, तोरण नव्हतं. लोक इकडेतिकडे पाहू लागले. मग मागच्या बाजूनं लेकरांचा गलका झाला. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, देवकाबाईच्या नंदीच्या शेपटीपलीकडे, पाण्याच्या टाकीच्या पायापासून कडुनिंबापर्यंत आंब्याच्या पानांचं हिरवंगार तोरण डोलत होतं. खाली देवकाबाईचा पुतण्या शिडी घडी करत होता.

"हे काय हो काकू?" हेमराज धावत गेला.

"तोरन हाये. आंबा माह्या वावरातला, पानं मी देतो दर साली, अन् बांधतेबी माह्याच घरचे. बांधलं."

"पन इकडं?"

"कुठं बांधाचं हे कोनत्या ठरावात हाये? सांग ना. हाये का?"

नव्हतं. अध्यक्षाला सगळे ठराव पाठ होते, आणि त्यात तोरणाची दिशा कुठंच नव्हती.

"रांग मी मोडली नाई," देवकाबाई म्हणाली. "ज्याच्या मागं जो व्हता तिथंच उभा हाये. फक्त तोंड फिरवा."

मोतीलाल ओरडत आला. "हे चालनार नाई! शिस्तीबाहेर हाये! बंदी घाला! इचारा त्याले, इचारा बबनरावले, हा क्रम त्याच्या शिस्तीत हाये का?"

सगळं गाव बबनरावकडे वळलं. तो आपल्या नंदीजवळ उभा होता. रांगेचा पहिला, आणि तोंड फिरवलं तर शेवटचा. तो नुसता 'नाही' म्हणाला असता तर तोरण पुन्हा देवळापुढं आलं असतं, आणि मोतीलालनं पहिल्यांदाच त्याच्यासाठी टाळी वाजवली असती. देवकाबाई त्याच्याकडे पाहत होती. हात नंदीच्या शिंगावर, आणि शिंग घट्ट धरलेलं.

बबनरावला ती दिसली की नाही, सांगता येत नाही. त्यानं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. बोटं पेरांवरून फिरत होती.

"काकू पुढं... मंजे चार हजार तीनशे वीस मागं गेले. त्याच्यामागं अण्णाजी, एकशेविसाचे चार घरं गेले, चारशे ऐंशी. मंग प्रभाकरराव, चोविसाचे चार, शहान्नव. उरले चौघं, ते पूर्न उलटे, मंजे चोविसावा..." त्यानं डोळे उघडले. "हाये!"

"काय हाये?"

"शिस्तीत हाये! चार हजार नऊशे विसावा क्रम हाये हा!" तो जवळजवळ उडाला. "अन् सगळ्याइले एक एक उलटा क्रम असते, काऊन नाई सुचलं मले! जोड्या हायेत! दोन हजार पाचशे वीस जोड्या! हेमराज, माईक दे इकडं!"

"माईक नाई देत," हेमराज म्हणाला. "शिस्तीत हाये ना, मंग झालं. फिरवा तोंडं!"

"अन् मधले चार हजार नऊशे सतरा साल कुठं गेले?" मोतीलालनं विचारलं. एरवी कधी त्यानं हिशोब इतका अचूक केला नव्हता, आणि बबनरावनं त्याच्याकडे नव्या आदरानं पाहिलं.

"कोरोनात दोन साल गेले तवा कोनी हिशोब मागतला का?" हेमराज म्हणाला. "फिरव बे!"

पुरुषभर उंचीचे नंदी अरुंद रस्त्यात जागच्या जागी फिरवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. हेमराजच्या नंदीनं एका घरच्या ओट्यावरची तुळस पाडली. मोतीलालचा नंदी अर्धा फिरून आडवा अडकला आणि नवं बसवलेलं शिंग विजेच्या खांबाला लागून पुन्हा खाली आलं. प्रभाकररावांना पुन्हा अण्णाजींचं बूड आलं, पण या गोंधळात त्यांनी दोन वेळा अण्णाजींच्या नंदीला धक्का देऊन मदत केली आणि नंतर लक्षात आल्यावर हात धोतराला पुसले.

देवकाबाईनं कोणाची वाट पाहिली नाही. तिनं नंदी फिरवला, पदर खोचला, तोरणाखाली गेली आणि तिथं थांबून अशा आवाजात झडती म्हटली की टाकीवरची कबुतरं उडाली.

"सात डब्याची गाडी, गार्ड आला पुढं,
इंजिन बसलं मागं, धरून आपलं बूड!
हर बोला, हर हर महादेव!"

गाव कोसळलं हसून. मोतीलालसुद्धा, मोडकं शिंग काखेत धरून, हसला. न हसून करतो काय. देवकाबाई पलीकडे निघाली आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दम लागला होता. डोळे पुसले, मग लोक पाहतात हे पाहून नाक पुसलं.

एकामागं एक बाकीचे गेले. सगळ्यात शेवटी बबनराव. धुळीनं माखलेला, एकटाच ढकलत, कारण त्याला मदत करणारे पुढचे नंदी पाहायला पळाले होते. तो थेट देवकाबाईपाशी येऊन थांबला.

"काय म्हनते रे तुहा आकडा?" तिनं विचारलं.

"खूश हाये. तुमी काकू?"

"मी झाली मोकळी. एकच डाव पाह्यजे होता, झाला. पुढच्या साली कुठंबी उभी करजो मले. शेवटी कर."

बबनराव गंभीर झाला. "असं कसं काकू? तुमचे अजून सातशे एकोणवीस डाव बाकी हायेत."

देवकाबाईनं रस्त्यापलीकडे शिंग घेऊन उभ्या असलेल्या मोतीलालकडे पाहिलं.

"ते त्याले इकून टाक," ती म्हणाली. "बरा भाव आला तं सांगजो."